कटिंगच्या टेबलापाशी

मागच्या उन्हाळ्यात लेकीने फोनवर एक जुना फोटो पाठवला. ती संभाजीनगरला वकिलीचं शिकते, कामगार कायद्याचा पेपर होता तिचा. फोटोखाली लिहिलं होतं, "आई, ही बघ तुझ्या धंद्यातली बाई."

मी आधी बाई पाहिलीच नाही, तिच्या अंगातला कपडा पाहिला. खोड आहे ती माझी. लग्नाला गेले तरी नवरीच्या तोंडाआधी तिच्या ब्लाउजचा मुंढा बघते, चुण्या कुठं पडल्यात, पाठीत ओढतंय का. फोटोतला कपडा म्हणजे उंच बंद गळा, पुढे बारीक टक्स, खांद्यापाशी चुणी घेऊन फुगवलेली बाही, मनगटाला पट्टी. मी मनाशी म्हटलं, अगं माय, हे तर पोलकं! आमच्या आजेसासूबाईंच्या ट्रंकेत फुग्याच्या बाहीचं असंच एक होतं, कसर लागून चाळणी झालेलं. लेक म्हणाली, तिकडं याला शर्टवेस्ट म्हणत. पुरुषांच्या शर्टासारखं पुढून बटणांचं, नोकरी करणाऱ्या बायकांनी स्कर्टवर घालायचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याची इतकी चलती होती की न्यूयॉर्कात शेकडो कारखाने नुसतं तेवढंच शिवत होते.

मग बाई पाहिली. बुटकी, काळ्याभोर केसांची, डोळे असे की माप देताना सुद्धा हलणार नाहीत. नाव क्लारा लेमलिक. ज्यू बाई.

आमच्याकडं ज्यू माणूस बघितलेला कोणी सापडणं अवघड. कोकणातल्या बेने इस्रायलींना लोक 'शनवार तेली' म्हणायचे, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे, एवढं एका मासिकात वाचलेलं. बाकी काही माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून ही बाई डोक्यात बसली ती बसलीच. लेक तिकडून काही ना काही पाठवायची, मी दुपारी क्लास सुटल्यावर वाचायची, इंग्रजी अडलं की रात्री फोन.

माझा क्लास परभणीत. क्लास म्हणजे घराचीच पुढची खोली. सहा मशिनी, दोनांना मोटर, बाकीच्या पायाच्या. मला शिवण शिकवलं सासऱ्यांनी. कच्छी बाजारात त्यांचं बसण्याएवढं दुकान होतं. मी जिंतूरकडची, लग्न होऊन आले तेव्हा नुसती तुरपाई यायची. सासऱ्यांनी पहिलं वर्षभर मशीनवर बसू दिलं नाही, रद्दी पेपर कापायला लावले. बाही कापायची, फाडून टाकायची, परत कापायची. शिवणारे गल्लीत दहा मिळतात, कापणारा एखादाच असतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच निघालं, माझ्या हाताला भाव आला तो कैचीमुळेच. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याच्यावर बरंच काही अडकलेलं आहे.

क्लारा 1886 साली जन्मली, युक्रेनमधल्या गोरोडोक नावाच्या गावात. तेव्हा तो मुलूख रशियाच्या झारचा. घर कर्मठ, बाप धर्मग्रंथ वाचणारा. गावच्या रशियन शाळेत ज्यूंच्या पोरांना घेत नसत म्हणून बापाने उलट अट घातली, आपल्या घरात रशियन पुस्तक यायचं नाही. पोरीला तर वाचायचं वेड! मग तिने काय करावं? काजं करायला घेतली. आपलं काजबटणातलं काज. त्याच्या पैशातून पुस्तकं घ्यायची. शिवाय ज्यांची मुलं अमेरिकेला गेली होती अशा निरक्षर आयांची पत्रं लिहून द्यायची. बापाच्या हाती पुस्तकं लागली की ती जळायची, ही परत काजं करायची. एका शेजाऱ्याने तिला क्रांतीची पत्रकं वाचायला दिली, ती तिच्या डोक्यात पक्की भिनली.

1903 मध्ये झारच्याच मुलखातल्या किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली. घरदार उचलून कुटुंब अमेरिकेला निघालं. न्यूयॉर्कात दोन आठवड्यांत पोरगी पोलक्याच्या कारखान्यात.

तिथलं वाचताना मला काही नवीन वाटलं नाही, हेच मला खुपलं. हंगामात आठवड्याला 65 ते 75 तास काम. सुई तुमची, दोरा तुमचा, कुठं कुठं तर मशीन सुद्धा आपलं पाठीवर वाहून न्यायचं. विजेचे पैसे पगारातून कापायचे, बसायच्या खुर्चीचेही. पाच मिनिटं उशीर झाला की दंड. भिंतीवर पाटी लावलेली असायची, रविवारी आला नाहीत तर सोमवारी यायचं कारण नाही. बाहेर पडताना पिशव्या तपासायच्या, कापड पळवलं असेल म्हणून. लेक हे सगळं चिडून सांगत होती आणि मी पलीकडून नुसतं हं हं करत होते. नगावर काम केलेल्या बाईला यातलं काय नवीन? दोऱ्याचे पैसे कापतात हे तर मला तोंडपाठ.

मला वेगळंच नवल वाटलं. क्लारा त्या कारखान्यात साधी मशीनवाली नव्हतीच, ड्रेपर होती. पुतळ्यावर कापड चढवून, टाचण्या लावून पोलक्याचा घाट बसवणारी. म्हणजे कारागीर. तिला बाकीच्या पोरींपेक्षा बरा पैसा मिळत होता, मालकाला तिची गरज होती. तिने मान खाली घालून टाचण्या लावल्या असत्या तर चार वर्षांत छान बस्तान बसलं असतं. आणि नेमकी हीच बाई 1906 साली युनियनच्या नव्या शाखेत शिरते, संप करते, काढून टाकली की दुसऱ्या कारखान्यात जाते, तिथेही तेच करते. रात्री कामावरून सुटून एक पेला दूध पिऊन वाचनालयात जाऊन बसायची म्हणे.

इथं मला माझं सांगायला हवं. नाही सांगितलं तर एवढं लिहायला का बसले तेच कळायचं नाही.

चौदा वर्षं झाली. शहराबाहेर एका पत्र्याच्या शेडात शाळेच्या गणवेशांचं काम निघालं. कोणी काढलं ते सोडा, नाव घेऊन आता काय मिळवायचं आहे. एप्रिल ते जून, शाळा उघडायच्या आत माल द्यायचा. बावीस बायका मशीनवर आणि कटिंगला मी. बायका नगावर, मी रोजावर. मला 250 रुपये रोज, त्या वेळेला बरे होते ते. घरात लेकीची शाळा, सासऱ्यांचं औषध, आणि यजमानांची नोकरी तेव्हा अशीतशीच होती.

परभणीचा मे महिना ज्याने काढला त्यालाच माहीत. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं लोक हसून म्हणतात, पण मे महिन्यात पत्र्याखाली बसलं की बनत काहीच नाही, नुसतं भाजतं. पंखे दोन. माझ्या टेबलाकडचा बंद ठेवायचा, कारण वाऱ्याने थर हलतो. पांढऱ्या कापडाचे चाळीस-पन्नास पदर एकावर एक टाकून वरून खडूने आखायचं आणि मोठ्या कैचीने एका दमात कापत न्यायचं. मध्येच हात थांबला की खालचा पदर सरकतो, दहा शर्टांच्या बाह्या लहानमोठ्या होतात. शटर आतून कुलूप लावून बंद असायचं, कापड बाहेर जातं म्हणून. टेबल शटरजवळ होतं, शटराखालच्या फटीतून जी काय झुळूक यायची ती तिथंच.

शर्टामागे 14 रुपये ठरले होते. दुसऱ्या आठवड्याच्या हिशेबाला 11 हातावर ठेवले. दोऱ्याचे कापले, काजबटणाचे वेगळे धरले, असं काहीतरी तो म्हणाला. बायका माझ्याकडं आल्या. "बाई, तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतेत ते." ऐकलं असतं, खरंच ऐकलं असतं. हंगाम ऐन भरात, कटिंगला दुसरं माणूस नाही, मी दोन दिवस घरी बसले असते तर बावीस मशिनी थांबल्या असत्या. मी म्हटलं, "बघते." आणि काही बघितलं नाही. आठवडाभर त्या माझ्याकडं बघत होत्या, मग बघायच्या बंद झाल्या. जूनमध्ये माल गेला, शेड रिकामं झालं.

तर 1909 सालची 22 नोव्हेंबर. न्यूयॉर्कात कूपर युनियन नावाचं मोठं सभागृह, आत मुंगी शिरायला जागा नाही. संप करायचा की नाही हे ठरवायला पोलकेवाल्या पोरी जमलेल्या. युनियनच्या त्या शाखेत तोवर शंभरेक सभासद. त्याआधी क्लारा तिच्या कारखान्यापुढं संपाला उभी असताना भाड्याच्या गुंडांनी तिला मारलं होतं, सहा बरगड्या मोडल्या होत्या. त्या संपात तिला एकूण 17 वेळा अटक झाली. सभेत दोन तास पुढाऱ्यांची भाषणं. सगळे पुरुष. सगळे जपून बोलणारे, घाई करू नका, विचार करा, प्रसंग बाका आहे. सॅम्युअल गॉम्पर्स म्हणून देशातला सगळ्यात मोठा कामगार पुढारी, तोही बोलला. मग खालून ही तेवीस वर्षांची पोर उठली, मला बोलू द्या म्हणाली. लोकांनीच तिला व्यासपीठावर चढवलं.

ती बोलली ती यिद्दिशमध्ये, म्हणजे घरातल्या, चुलीपाशीच्या भाषेत. मला ही गोष्ट फार आवडली. आमच्या इकडच्या बायका पुण्याला कशाला मीटिंगला गेल्या की आधी 'करायलो, जायलो' गिळतात आणि मग बोलायचंच राहून जातं. क्लारा जे बोलली ते जेमतेम दोन-चार वाक्यांचं. मी इथं बोलणाऱ्यांचं सगळं ऐकलं, आता मला बोलणी पुरे झाली, मी काम करणारी पोर आहे, असह्य हालअपेष्टांविरुद्ध संपावर असलेल्यांपैकी एक आहे, आपण सर्वांनी संप करावा असा माझा ठराव आहे. अर्थ हाच.

सभागृह उसळलं. अध्यक्षाने विचारलं, शपथ घेता? ज्यूंची जुनी शपथ आहे, जेरुसलेमला विसरलो तर माझा उजवा हात झडो, अशी. त्याच धर्तीवर हजारो पोरींनी उजवा हात वर केला, घेतलेल्या शब्दाला मी फितूर झाले तर हा वर केलेला हात खांद्यापासून वाळून जावो.

आमच्याकडं बेलभंडारा उचलतात. वैजनाथाच्या बेलावर हात ठेवला की माणूस खोटं बोलत नाही असं मानतात, निदान पूर्वी मानत. पण ही शपथ शिवणकाम करणाऱ्या बाईने घेतलीय हे ध्यानात घ्या. उजवा हात! शिवणारीपाशी दुसरं असतं काय? मी वाचता वाचता आपला हात बघितला. अंगठ्याच्या बुडाशी कैचीचा घट्टा आहे, चाळीस वर्षांचा नसेल पण तीसचा तरी असेल.

दुसऱ्या दिवसापासून पोरी बाहेर पडल्या. वीस हजारांचा उठाव असं त्याला म्हणतात. ऐन थंडी, बर्फ, पोलिसांच्या लाठ्या, न्यायाधीशांचे टोमणे. शहरातल्या अतिश्रीमंत बायका, बँकवाल्या मॉर्गनची मुलगी ॲन मॉर्गन वगैरे, फरचे कोट घालून पोरींबरोबर फुटपाथवर उभ्या राहायला आल्या. लेकीला यातलं भगिनीप्रेम आवडलं. मला नाही तेवढं. बरं झालं आल्या, त्या असताना पोलीस जरा हात आवरून मारायचे, जामिनाचे पैसे मिळायचे, हे मान्य. पण महिला दिनाला साडी वाटायला येणाऱ्या मॅडम मी पाहिलेल्या आहेत, फोटो झाला की त्यांची गाडी सुरूच असते. इथेही झालं तसंच, तडजोडीवरून बिनसलं आणि मॉर्गनबाई चिडून बाजूला झाल्या.

फेब्रुवारी 1910 मध्ये संप मिटला. बहुतेक कारखान्यांनी करार केले. आठवड्याला 52 तास, सुई-दोऱ्याचे पैसे कापायचे नाहीत, वर्षाला चार सुट्ट्या पगारी. दोऱ्याचे पैसे कापायचे नाहीत, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

करार न करणाऱ्यांत एक बडा कारखाना होता, ट्रँगल. मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस, पोलक्यांचे राजे म्हणत त्यांना. हे दोघेही परदेशातून आलेले ज्यूच, हाताने काम करून वर आलेले. आपल्या माणसाला आपलाच माणूस कसा पिळतो ते तुम्हाआम्हाला सांगायला नको, ऊसतोडीच्या गावांत जाऊन मुकादमांची आडनावं बघा.

25 मार्च 1911. शनिवार. देवाधर्माने पाळायचा वार, पण ज्यू पोरी कामावर होत्या, कारण पोटाने पाळला नव्हता. दहा मजली इमारत, वरचे तीन मजले ट्रँगलचे. पाचच्या आत, सुटी व्हायच्या सुमारास आठव्या मजल्यावर आग लागली. कुठे लागली? कटिंगच्या टेबलाखाली. कातरण टाकायच्या पेटीत.

ही ओळ वाचून मी फोन खाली ठेवला. लेकीला यातलं काही जाणवलं नसेल, तिने कधी कैची धरली नाही. तिथे तलम सुती कापडाचे शंभर-सव्वाशे पदर एकावर एक टाकून कापायचे, मध्ये पातळ कागद. उरलेली कातरण टेबलाखालच्या पेट्यांत. भंगारवाला येईल तेव्हा उचलेल. दोन महिने उचलली गेली नव्हती. कातरण कशी असते ते मला विचारा. सुटी सुटी, हवा धरून बसलेली. चूल पेटवायला आमची आई मुद्दाम शिंप्याकडून आणायची. एक ठिणगी पुरते. तिथे बहुधा कुणाच्या सिगारेटची पडली. कापणारे सगळे पुरुष, कारागीर, त्यांचा रुबाब मोठा. विडीकाडीला बंदी असली तरी त्यांना कोण बोलणार?

आठव्या मजल्यावरचे बरेचसे निसटले. दहाव्यावर फोन गेला, मालक तिथेच होते, ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेले. नवव्या मजल्याला कोणी कळवलंच नाही. तिथे दोनशेच्या वर बाया मशीनवर. जिन्याचा एक दरवाजा आगीने अडवला, दुसऱ्याला कुलूप. पोरींनी एकाच दाराने, पिशव्या दाखवून बाहेर पडावं म्हणून ते बंद ठेवलेलं. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. दोन लिफ्टवाल्यांनी जमतील तेवढ्या खेपा केल्या. बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. पोरींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, काहींनी हातात हात घालून. 146 माणसं गेली, त्यात 123 बायका आणि पोरी. बहुतेक ज्यू आणि इटालियन, काही 14 वर्षांच्या.

मालकांवर खटला चालला. दाराला कुलूप होतं हे त्यांना त्या घडीला माहीत होतं का, एवढ्यावर सगळं अडलं, आणि डिसेंबरात दोघे निर्दोष सुटले. तीन वर्षांनी दिवाणी दाव्यात माणसामागे 75 डॉलर. आणि यातलं सगळ्यात कमाल काय, तर 1913 मध्ये ब्लँक दुसऱ्या कारखान्यात पुन्हा दाराला कुलूप लावताना सापडला. दंड झाला 20 डॉलर. कायदे मात्र बदलले, दारं, जिने, आगीच्या कवायती, तपासण्या. ती आग रस्त्यावरून डोळ्यांनी बघणारी फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक बाई 1933 मध्ये देशाची कामगारमंत्री झाली.

त्या रात्री मी उठून पुढच्या खोलीत गेले. मशिनींखालची कातरणाची पोती दाराबाहेर ओढली. यजमान म्हणाले, चोर आलाय का. सकाळी घंटागाडीत टाकली सगळी.

क्लाराचं पुढचं आयुष्य लोक एका ओळीत संपवतात, मला ते पटत नाही. संपानंतर कारखानदारांनी तिला काळ्या यादीत टाकलं. ती मतदानाच्या हक्कासाठी बोलत फिरली, कामगार बायकांच्या बाजूने. श्रीमंत बायकांच्या संघटनांशी जमलं नाही. 1913 मध्ये ज्यो शेवेलसनशी लग्न, तीन मुलं. संपली असं वाटावं तर ही बया स्वयंपाकघरातून उभी राहिली. मटणाचे भाव वाढले की गल्लीतल्या बायकांना घेऊन खाटकांवर बहिष्कार. भाडं थकलं म्हणून कुणाचं सामान रस्त्यावर टाकलं तर शेजारणींनी मिळून ते परत वर नेऊन ठेवायचं. ती कम्युनिस्ट पक्षात गेली, आणि पुरुष पुढाऱ्यांना गृहिणी म्हणजे कामगार वाटायच्या नाहीत तरी तिने त्यांची संघटना बांधली. 1935 च्या मटण बहिष्कारात न्यूयॉर्क शहरातली साडेचार हजार दुकानं बंद पडली म्हणतात. भाकरीचा हिशेब ठेवणारी बाईच भाव पाडू शकते, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसणार.

रशियाचं तिचं प्रेम मला कळलं नाही. तिथे काय चाललंय ते जगाला दिसू लागल्यावरही ती हलली नाही. 1951 मध्ये सोव्हिएत देशाला जाऊन आली तर सरकारने पासपोर्ट काढून घेतला. हट्टी माणसाचा हट्ट सगळीकडं सारखाच उपयोगी पडतो असं नाही.

उतारवयात ती पुन्हा शिवणकामावर गेली, 1954 ला थांबली. आणि पेन्शन? जिच्यासाठी बरगड्या मोडून घेतल्या त्या युनियनशी तिला पेन्शनीसाठी भांडत बसावं लागलं. यावर मी काय लिहू? आमच्या गल्लीतले एसटीतून निवृत्त झालेले काका वाचतील तर हसतील.

शेवटी लॉस एंजेलिसच्या ज्यू वृद्धाश्रमात होती. तेव्हा शेतमजुरांनी द्राक्षांवर बहिष्कार पुकारलेला. म्हातारीने आश्रमाच्या व्यवस्थापकांना द्राक्षं बंद करायला लावली. आणि तिची गादी झटकणाऱ्या, तिला उठवून बसवणाऱ्या कामगारांना युनियन करा म्हणून पटवलं. 12 जुलै 1982 ला गेली, 96 वर्षांची.

हे एवढं लिहून मी आठ दिवस ठेवून दिलं होतं. वांगी रोडकडं राहणारी एक बाई मधूनमधून माझ्याकडं येते. शेडातल्या बावीसांपैकी. काजबटण फार सुबक करायची. परवा आली, लेकाची पँट घेऊन. तो नववीत. मी म्हटलं, बैस, तुला एक गोष्ट सांगते. क्लाराची सगळी सांगितली, आगीची सुद्धा. तिने पदराने तोंड पुसलं. मग मी म्हटलं, "त्या वेळेला तीन रुपये कापले तेव्हा मी गप्प बसले गं. माझ्या मनातून ते जात नाही."

"तीन रुपये व्हय?" ती म्हणाली. "ते तर सगळीकडंच कापतेत, बाई. त्याचं काय एवढं."

थोडा वेळ ती मशीनच्या पट्ट्याकडं बघत राहिली. म्हणाली, "मला चावीचंच ध्यानात राहिलं बघा."

"कोणती चावी?"

"शटरची. तुमच्यापाशी नव्हती का? कमरेला खोचून असायची. हा तेव्हा पाच महिन्यांचा. नणंद दुपारी घेऊन यायची याला पाजायला, शटराच्या बाहेर उन्हात उभी. मी म्हणायची, बाई, चावी द्या, लेकरू आलंय. एक दिवस तुम्ही म्हणलात, थांब, एवढा थर कापून होऊ दे." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमचं बी खरं होतं. थर हलला असता."

वर मी लिहिलंय, शटर आतून कुलूप लावून बंद असायचं. ते वाक्य मी तसंच ठेवलं आहे. लिहिताना मला खरंच चावी आठवली नव्हती. आता आठवतेय, पितळेची, काळी सुतळी बांधलेली.

"किती वेळ थांबलीस?" मी विचारलं.

"काय माहीत. आतून ऐकू यायचं रडलेलं." मग तिने पिशवीतून पँट काढून माझ्या मांडीवर ठेवली. "आखूड झालीय. खालची दुमड सोडून देता का? नवी घ्यायची तर जून उजाडायचाय."

मी ब्लेड घेतलं, दुमड उसवली. आत दोन इंच कापड होतं, रंग न उडालेलं. तिने ते बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, यंदाचं भागतंय.